पुण्याची मंडई, आपला बाजार आणि गाडीतळाचा प्रश्न



गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या पाच जणी भाजी घेऊन एका मोठ्या शहराच्या बाजाराला गेलो. मेथी, शेपू, वांगी आणि हिरवी मिरची असा माल होता. पहाटे अंधारातच छोटा हत्ती निघाला. शहरात पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तिथला बाजार नवाच बांधलेला. उंच छत, खाली फरशी, गाळ्यांना नंबर, रात्रीसाठी दिवे. बघून बरं वाटलं.

पण आमची गाडी थांबली की मागून शिट्टी वाजायची. ड्रायव्हर भाऊंनी बाजाराला तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी त्यांनी रस्त्याच्या कडेलाच गोण्या उतरवल्या आणि ते निघून गेले. दोघी राखण करत थांबल्या, तिघींनी डोक्यावरून माल आत नेला. आत सगळे गाळे वाटून झालेले होते. मग फाटकाबाहेर गोणपाट अंथरून बसलो. तिथे दुचाक्यांची पार्किंग होती, म्हणून उठवलं. जागा बदलता बदलता ऊन वर आलं, मेथीच्या जुड्या माना टाकायला लागल्या आणि भाव उतरला. गाडीभाडं दिल्यावर पाच जणींत वाटायला जे उरलं, त्यात एकेकीचा दिवसाचा रोजही निघाला नाही.

परतताना आमच्यातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "एवढा पैसा घालून बाजार बांधला, अन् माल घेऊन येणाऱ्याची गाडी कुठं उभी राहील हे कोणी इचारलंच नाही का?"

तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं. काकूंचा प्रश्न चांगला दीडशे वर्षं जुना निघाला. आज त्याचीच गोष्ट सांगतो. ती पुण्यात सुरू होते आणि आपल्या बीबीपर्यंत येते.

शनिवारवाड्यापुढचा उघडा बाजार

भंडारा-गोंदियाकडे मंडई म्हटलं की दिवाळीनंतरची जत्रा डोळ्यांपुढे येते. पुण्यात मात्र मंडई म्हणजे भाजीबाजार. हा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरायचा. पेशवाई १८१८ साली संपली, १८२८ च्या आगीत वाडाही जळाला, पण त्याच्यासमोर बाजार चालत राहिला. आपल्या आठवडी बाजारासारखाच तो उघड्यावर भरे. उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात चिखल. शहर वाढत होतं, रोगराई होती, स्वच्छतेच्या तक्रारी होत्या. म्हणून पुण्याच्या नगरपालिकेने पक्की इमारत बांधायचं ठरवलं.

जागा शुक्रवार पेठेत घेतली. १८८२ मध्ये काम सुरू झालं. खर्च सुमारे ३ लाख रुपये. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती, याचा अंदाज करा. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्यांच्याच नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. मधोमध आठ कोनांचा उंच मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेल्या गाळ्यांच्या ओळी. ही इमारत आजही उभी आहे. तिच्या छताखाली आजही भाजी विकली जाते.

भाजीवाल्याच्या मुलाचा विरोध

आता गोष्टीतला खरा भाग. या इमारतीवर एवढा खर्च करायला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, ते होते जोतीराव फुले. १८७६ ते १८८२ या काळात ते नगरपालिकेचे सदस्य होते. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतीला आहे, हे त्यांना पटत नव्हतं. आधी तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं मत होतं.

ऐकणाऱ्याला वाटेल, फुल्यांना बाजाराचं काय कळत होतं? तर त्यांच्या घराचा धंदाच फुलांचा आणि भाजीचा होता. फुले हे आडनावही त्या धंद्यावरून आलं. भाजी पिकवणारा आणि विकणारा माणूस पहाटे उठून काय करतो, हे त्यांना घरातच दिसलं होतं. आणि शिक्षणाबद्दल त्यांचं बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती. आज आपण गटाच्या वहीत सही करतो, हप्त्याचा हिशेब लिहितो, त्याची सुरुवात तिथे आहे.

मंडईचं बांधकाम चालू असतानाच, १८८३ मध्ये, फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. त्यात भाजीपाला घेऊन शहरात जाणाऱ्या शेतकऱ्याचीही कथा येते. नाक्यावर नगरपालिकेची जकात, बाजारात मध्यस्थांची अडत, त्यावर गाडीभाडं. हे सगळं चुकतं करून तो घरी येतो तेव्हा पोराबाळांपुढे ठेवायला हातात काही उरलेलं नसतं. आम्ही हा भाग गटात मोठ्याने वाचला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आम्हाला आमची ती हिवाळ्यातली पहाट आठवली. जकात आता उठली आहे, बैलाच्या जागी डिझेल आलं आहे. पण हिशेबाची मांडणी तीच आहे.

आम्हाला असं वाटतं की फुले बाजाराच्या विरुद्ध नव्हते. छत नको, चिखलातच बसा, असं कोणी भाजीवाल्याच्या घरातलं माणूस म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न पैशाच्या क्रमाचा होता. पैसा कोणाचा, तो आधी कशावर खर्चायचा आणि हे ठरवताना कष्टकऱ्याला कोण विचारतं?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी फुले वारले. मंडई तेव्हा चार वर्षांची होती. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचं नाव लागलं. काही जण याला गंमत म्हणतात. आम्हाला मात्र ते नाव तिथे असलेलं बरं वाटतं. रोज सकाळी गाळा उघडणाऱ्याला आणि बाहेर टोपली मांडणारीला त्या नावाची आठवण राहते.

गाडीतळ गेले, पार्किंग आली

मंडई उभी राहिली तेव्हा माल बैलगाडीने यायचा. बैलगाडीला नुसती जागा पुरत नाही. बैल सोडावे लागतात, त्यांना पाणी लागतं, वैरण लागते, गाडीवानाला घटकाभर पाठ टेकावी लागते. म्हणून गावाच्या वेशीपाशी आणि पेठांजवळ गाड्या थांबायच्या जागा असत. पुण्यात आजही हडपसरला आणि मंगळवार पेठेत गाडीतळ नावाचे थांबे आहेत. गाड्या गेल्या, नाव राहिलं. आपण ज्याला आज पार्किंग म्हणतो, त्याला आपल्या भाषेत आधीपासून शब्द होता आणि तो माल आणणाऱ्याच्या गाडीसाठी होता.

मग सायकली आल्या, स्कूटर आल्या, मोटारी आल्या. पुण्याच्या जुन्या पेठांतले रस्ते तेवढेच राहिले आणि गाड्या वाढत गेल्या. मंडईजवळ आर्यन नावाचं थिएटर होतं. १९१५ मध्ये ते सुरू झालं, पुण्यातलं पहिलं सिनेमागृह म्हणून लोक त्याला ओळखत. १९८३ मध्ये ते बंद झालं. आज त्या जागेवर महापालिकेची पार्किंग आहे. मंडईच्या परिसरात गाड्यांसाठी अशी मजल्यामजल्यांची इमारतही उभी करावी लागली. तरी सणासुदीला, गणपतीत, दिवाळीत तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

अलीकडे मंडईखालून मेट्रो गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा मार्ग सुरू झाला आणि मंडईला स्वतःचं स्थानक मिळालं. गिऱ्हाइकाला आता गाडी न आणता मंडईत येता येतं. ही चांगलीच गोष्ट आहे. गिऱ्हाइकाची गाडी कमी झाली तर रस्ता मोकळा होईल.

पण इथे एक फरक नीट समजून घेऊ. बाजारात दोन प्रकारच्या गाड्या येतात. एक गिऱ्हाइकाची. ती रिकामी येते, तास-दोन तास उभी राहते आणि पिशवीभर भाजी घेऊन जाते. ती थोडी लांब लावली तरी चालते. दुसरी मालाची. ती भरलेली येते, पहाटे येते, तिला पंधरा-वीस मिनिटंच लागतात, पण ती बसायच्या जागेजवळच लागली पाहिजे. मजल्यांच्या पार्किंगमध्ये मिरचीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो नेऊन उपयोग नाही. मेट्रोने वांग्याचे कॅरेट आणता येत नाहीत. बाजाराच्या नूतनीकरणात पार्किंगची चर्चा होते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्याच गाडीची होते. दुसऱ्या गाडीचा विचार सुटला की काय होतं, ते आम्ही त्या शहरात रस्त्याच्या कडेला गोण्या उतरवताना पाहिलं.

दारावर शेतकरी कोरलेला

हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आहे. ते १८६९ मध्ये पूर्ण झालं. त्याला आर्थर क्रॉफर्ड या पालिका आयुक्ताचं नाव होतं. पुढे त्यालाही महात्मा जोतिबा फुले मंडई हे नाव दिलं गेलं. म्हणजे राज्यातल्या दोन मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारांवर एकाच माणसाचं नाव आहे. या मुंबईच्या मंडईच्या दारावर दगडात शिल्पं कोरली आहेत. लॉकवुड किपलिंग नावाच्या कलाशिक्षकाने ती घडवली. त्यात आपल्याकडचे शेतकरी दाखवले आहेत.

दारावर शेतकरी आहे, पण बाजाराभोवती ट्रकांची गर्दी एवढी वाढली की शेवटी घाऊक बाजारच तिथून हलवावा लागला. १९९६ मध्ये तो नवी मुंबईला, वाशीच्या बाजार समितीत गेला. पुण्यातही घाऊक व्यापार मंडईतून पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. जगातही असंच झालं. पॅरिसचा शेकडो वर्षांचा जुना बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रुंगिसला नेला. लंडनचा कोव्हेंट गार्डनचा फळ-भाजी बाजार १९७४ मध्ये हलवला. कारण सगळीकडे एकच होतं. जुन्या गल्ल्यांत नव्या गाड्या मावेनात.

बाजार हलवला की ट्रकवाल्या मोठ्या व्यापाऱ्याचं काम सोपं होतं. त्याला रुंद रस्ता मिळतो, गोदाम मिळतं. पण चार जुड्या मेथी आणि दोन पाट्या वांगी घेऊन येणारीचं भाडं वाढतं. ती तेवढ्या लांब जात नाही. मग ती आपला माल गावातच व्यापाऱ्याला देते, तो सांगेल त्या भावाने. म्हणून बाजार हलवताना किंवा नवा करताना 'गर्दी कमी झाली का' एवढं बघून पुरत नाही. त्या गर्दीतून कोण गळालं, हेही मोजावं लागतं.

कायद्याने काय दिलं

निराश होऊ नका. या दीडशे वर्षांत काही चांगलंही झालं.

२०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आला. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांची उपजीविका सांभाळणारा हा कायदा आहे. तो शहरांना आणि नगरपरिषदांच्या गावांना लागू आहे. म्हणजे आपल्याजवळच्या लोणार, मेहकर, सिंदखेड राजाला तो लागू होतो. या कायद्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. विक्रेत्यांची पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ बसत आले आहेत, तो वारसा बाजार ठरवावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं हा कायदा सांगतो. आजवर वारसा म्हटलं की आपल्याला किल्ले आणि मंदिरं आठवत. भाजीवालीची जागाही वारसा असू शकते, हे इथे कागदावर आलं.

पण पाहणीच्या यादीत नाव पाहिजे. रोज बसणारीचं नाव लागतं. आपल्यासारखी हंगामात, आठवड्यातून एकदा जाणारी सहज सुटते. म्हणून पाहणी होते तेव्हा विचारा, आपली नोंद कशी होईल.

दुसरी गोष्ट २०१६ ची. महाराष्ट्रात त्या वर्षी फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. शेतकऱ्याला यार्डाबाहेर थेट गिऱ्हाइकाला विकता येऊ लागलं. त्याच वर्षी राज्यात संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं. शहरातल्या मोकळ्या मैदानावर ठरलेल्या दिवशी शेतकरी आणि त्यांचे गट थेट माल विकतात. यासाठी मोठी इमारत लागत नाही. मैदान लागतं, सावली लागते, पाणी लागतं आणि गाडी आत येऊन माल उतरवायची सोय लागते.

आपल्या बाजाराचं बोलू

आता बीबीला येऊ. आपलं गाव मेहकर ते सिंदखेड राजा रस्त्यावर आहे. हमरस्त्यावरच्या गावांचा बाजार कसा असतो, ते आपण रोज बघतो. मालाची गाडी रस्त्यावर, गिऱ्हाइकाची दुचाकी रस्त्यावर, टोपली रस्त्याच्या कडेला आणि मधून एसटी आणि ट्रक जातात. आपण अर्धं लक्ष काट्यावर आणि अर्धं लक्ष लेकराकडे ठेवून विकतो. कोणाच्या पायावरून चाक जाण्याआधी हे बदललं पाहिजे, हे सगळ्यांनाच पटतं.

कधी ना कधी आपल्या भागातल्या बाजारांचीही कामं निघतील. ओटे बांधले जातील, पत्रे पडतील, पेव्हर बसतील. चांगलंच आहे. पण काम मंजूर झाल्यावर बोलून उपयोग नसतो. पुण्याच्या मंडईची इमारत उभी राहायच्या आधी फुले सभेत बोलले, म्हणून आज आपण त्यांचा विरोध आठवतो. आपल्यालाही बोलायला जागा आहे. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे बाजाराचा विषय मांडता येतो, ठराव लिहून घेता येतो आणि तो पुढच्या ग्रामसभेत ठेवायला सांगता येतो.

आमच्या गटाने बसून काही प्रश्न काढले आहेत. तुमच्या गटाच्या बैठकीत ते वाचा आणि आपापले घाला.

पहिला, ओटे किती आणि ते कोणाला? कायमच्या दुकानदाराला किती आणि हंगामात येणाऱ्या शेतकरी बाईला किती राखून ठेवणार?

दुसरा, मालाच्या गाडीला पहाटे ठरलेल्या वेळेत आत येऊ देणार का? त्या वेळात गिऱ्हाइकाच्या गाड्या बाहेर ठेवल्या तर दोघांचंही भागतं. यात जागेइतकंच वेळापत्रक कामाला येतं आणि त्याला फार पैसा लागत नाही.

तिसरा, बाजाराच्या हर्रासात पावतीचा दर काय ठरला आहे? तो दर बाजारात मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे का? एका टोपलीला आणि एका टेम्पोला सारखीच पावती फाडली जाते का?

चौथा, बायकांसाठी शौचालय कुठे आहे आणि त्याला पाणी आहे का? आपल्यातल्या कितीतरी जणी बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. याबद्दल बोलायला लाजू नका.

पाचवा, काम चालू असताना आपण कुठे बसायचं? बांधकाम वर्षभर चाललं तर गिऱ्हाईक मोडतं. पर्यायी जागा आणि परत येण्याची हमी आधी लेखी घ्या.

हे प्रश्न विचारायला फार शिकलेलं असावं लागत नाही. आमच्या काकू शाळेत गेलेल्या नाहीत. पण सगळ्यात मोठा प्रश्न त्यांनीच विचारला, तोही रिकाम्या गोण्यांवर बसून, घरी परत येताना.

त्या दिवसानंतर आम्ही एक केलं. पुढच्या खेपेला निघण्याआधी त्या शहरात ओळखीतून चौकशी केली की माल कुठे आणि किती वाजता उतरवू देतात. एक शाळेचं मैदान मिळालं, तिथे रविवारी शेतकरी बसतात. गाडी थेट आत गेली. मेथी ताजी होती तोवर विकली गेली. नफा फार नव्हता, पण प्रत्येकीला रोज सुटला आणि परतीच्या गाडीत गप्पाही झाल्या. काकूंनी वहीत स्वतःच्या नावापुढे अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही केली. ती करायला त्यांना बराच वेळ लागला, आम्ही थांबलो.

तुमच्या बाजारात काय अडतं, ते आम्हाला कळवा. पुढच्या बैठकीत आपल्या बाजाराचा एक साधा नकाशा कागदावर काढून आणा. टोपल्या कुठे, गाड्या कुठे, पाणी कुठे, एवढं दाखवलं तरी पुरे. महिला ग्रामसभेला जाताना तो नकाशा सोबत नेऊ.

नमस्कार.